थांब म्हटलं की थांबायचं

४ मार्च

खाणीत छत्तीस वर्षं फोरमन होतो. रोज पाळी संपली की नोंदवही लिहायची: काय फुटलं, कोण पडलं, चूक कुणाची. खाली सही. निवृत्त झाल्यापासून हाताला तो चाळा राहिला नाही, म्हणून ही वही आणली. खोटी नोंद मी जन्मात केली नाही, इथेही करणार नाही.

आज घराचा सौदा पक्का झाला. घर, मागची बाग, शेड, सगळं गेलं. आता आमचं घर म्हणजे आठ मीटर लांबीचं मोटरहोम आणि समोर अख्खा ऑस्ट्रेलिया. ग्लेनिसने सही करताना पेन दोनदा खाली पाडलं. आनंदाने असेल. एजंट म्हणाला, "सावकाश होऊ द्या, बाई." मी म्हणालो, "एकोणचाळीस वर्षांत हिने कुठलं काम सावकाश केलं नाही ते सांगा." तो हसला नाही. मठ्ठ लोक.

पाच कोंबड्या उरल्या होत्या. शेजारची म्हातारी उद्या खुराडं घेऊन त्या न्यायला येणार होती. एवढ्यासाठी उद्याची वाट कशाला बघायची? दुपारच्या चहाआधी मीच पाचही माना मुरगळल्या. चौथी हातातून निसटली आणि मान लोंबकळत बागभर धावली, वाळत घातलेल्या चादरींखालून, थेट ग्लेनिसच्या पायात. "थांब, रॉस, थांब," एवढंच ती म्हणत राहिली. मी सांगितलं, अर्धवट सोडणं हीच खरी क्रूरता. चादरी पुन्हा धुवाव्या लागल्या, हे मात्र कबूल.

रात्री जेवायला कोंबडीच केली. तिला भूक नव्हती. मी दोन्ही तंगड्या खाल्ल्या.

१९ मार्च

मोटरहोममध्ये राहायला आलो. बायका किती सामान साठवतात ते अशा वेळी कळतं. पेट्या फोडत गेलो आणि कचऱ्याच्या गाडीत भिरकावत गेलो. तिच्या आईची पत्रं, रोशेलच्या शाळेतली चित्रं, फुलदाण्या. रोशेल म्हणजे आमची मुलगी. तिला हा बेत पहिल्यापासून पसंत नाही. "बाबा, आईला विचारलंस का तू?" असं तिने फोनवर विचारलं. मी म्हणालो, "आई इथेच उभी आहे, नाही म्हणाली तर ऐकू येईल." ग्लेनिस काहीच बोलली नाही. झालं तर मग.

एका वस्तूसाठी मात्र ती हटून बसली. तिच्या आईच्या स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची. उंच पाठीची, जड, बिनकामाची. मी हातोडा उचलला तर ती जाऊन त्या खुर्चीवर बसली, मांडीवर हात ठेवून, आणि माझ्याकडे बघत राहिली. मला हसूच आलं. म्हटलं घे बाई, घे तुझं सिंहासन.

आमच्यासारख्या फिरस्त्यांत एक रीत आहे. गाडीच्या पाठीवर नवरा-बायकोची नावं रंगवायची आणि खाली रेडिओचा चॅनल लिहायचा, म्हणजे मागून येणाऱ्याला हाक मारता येते. सगळे अठरा नंबरवर असतात. मी आज स्वतः रंगवलं: रॉस आणि ग्लेनिस, चॅनल १८. तिचं नाव माझ्यापेक्षा मोठं आलं. पुसून लहान केलं.

२ एप्रिल

एवढी लांब गाडी मागे घेणं हे दोघांचं काम. एक चालवतो, दुसरा मागे उभा राहून खुणा करतो आणि हातातल्या रेडिओवर सांगतो. तळावर नवरा-बायको सगळ्यात जास्त कशावरून भांडतात, तर यावरून. म्हणून मी ग्लेनिसला आधीच नीट शिकवलं. माझं खाणीतलं नारिंगी जाकीट दिलं, टोपी दिली, रेडिओ दिला.

"दोनच नियम," मी म्हणालो. "तू आरशात दिसेनाशी झालीस की मी थांबणार. आणि तू थांब म्हणालीस की मी थांबणार. एकदाच म्हणायचं."

"आणि नाही थांबलास तर?"

"डंपरवाल्यांना मी हेच शिकवलंय. खाणीत आमच्या डार्सीचा पाय गेला तो का? ड्रायव्हरने थांब ऐकलं आणि पुढे म्हणाला, आणखी थोडंसं. त्याला मी त्याच दिवशी हाकलला. आणि मी स्वतः थांबणार नाही?"

पहिल्याच तळावर गाडी खांबाला घासली. थांब म्हणाली होती, हे खरं. पण आवाज असा की कुणी चहा घेणार का विचारतंय. मागचा कॅमेरा फुटला, तो मी उपटून झाडीत फेकला. आजूबाजूला सगळे खुर्च्या टाकून मजा बघत बसलेले. माझं डोकं फिरलं. मी तिला मनगटाला धरून आत नेलं, दार लावलं आणि समजावून सांगितलं. मनगट जरा सुजलं. तिची हाडं पहिल्यापासूनच नाजूक.

संध्याकाळी मलाच वाईट वाटलं. मलम लावून दिलं, पट्टी बांधली. ती माझ्या डोक्याकडे बघत होती, विरळ झालेल्या केसांकडे. मी म्हणालो, "तुझ्याशिवाय मला कोण आहे, ग्लेन?" हे खरंच आहे.

तिचा फोन माझ्याकडे ठेवलाय. रोशेल तिचे कान भरते आणि मग दिवसभर हिचं तोंड सुतकी.

११ एप्रिल

आज एकाचा दात पाडला.

गाडीतल्या संडासाची टाकी रिकामी करायला रांग होती. माझ्यापुढे एक पट्टेरी शर्टवाला. टाकी धुऊन झाली तरी नळी सोडेना. शिट्टी वाजवत चाकं धुतोय! मी म्हणालो, "आंघोळ पण उरकून घे." तो म्हणाला, "आजोबा, घाई असेल तर झुडपामागे जा." मी नळीचं पितळी टोक धरलं आणि त्याच्या थोबाडावर दिलं. एकच. तो त्या घाणीतच बसला, तोंडात बोटं घालून दात शोधत. त्याची बायको किंचाळत गाडीतून उतरली, तिच्या हातात ब्रेडचा तुकडा होता, त्यावर लोणी तसंच.

आम्ही लगेच निघालो. पन्नास किलोमीटर मी गात होतो. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी हातात एवढा जोर आहे! पुढच्या मुक्कामी ग्लेनिसने माझा शर्ट थंड पाण्यात भिजवला. रक्ताला गरम पाणी चालत नाही, डाग बसतो. तिला हे बरोबर ठाऊक आहे. कपाटात एवढ्या गरमीतही ती लांब बाह्यांचेच कपडे वर काढून ठेवते. थंडी वाजते म्हणे.

१५ एप्रिल

पश्चिमेकडे निघालोय. रस्ता सरळ, झाड औषधाला नाही. आज पाचच्या सुमारास एक मोठी कांगारू आडवी आली. पुढच्या लोखंडी दांड्याला धडकली आणि बाजूला जाऊन पडली. मी उतरून बघितलं, दांडा शाबूत. कांगारूचे मागचे पाय गेले होते पण पुढचे पाय जमीन ओरबाडत होते. चाकाचे नट काढायचा पाना आणला. पहिला घाव नीट बसला नाही, म्हणून चार घालावे लागले. रक्त पार चष्म्यावर. ग्लेनिस म्हणाली, "पिशवी बघ, रॉस. पिल्लू असेल." इथे सगळेच बघतात, लहानपणापासून शिकवतात. मी म्हणालो, "पुरे झालं आता, बस गाडीत."

ती बसली नाही. रस्त्याकडेला गुडघे टेकून त्या पिशवीत हात घालून बसली. मला तिला जरा अद्दल घडवायची होती, म्हणून गाडी सुरू केली आणि निघालो. आरशात बघत होतो. ती उठली, छातीशी काहीतरी धरलं, आणि धावायला लागली. मी हळू करायचो, ती जवळ आली की पुन्हा पुढे. असं दोन-तीनदा. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. एकदा मी मागेही घेतली, जरा जोरात, तर बाई कशी बाजूला उडी मारते! बासष्टाव्या वर्षी! म्हणजे पाय अगदी ठणठणीत आहेत.

तेवढ्यात मागून एक जुनी हिरवी बस आली आणि तिच्यापाशी थांबली. चालवणारी एक उंच म्हातारी, सत्तरीच्या पुढची, दंडावर गोंदलेलं. तिने ग्लेनिसला चढवलं, माझ्या बरोबरीला आणून बस उभी केली आणि खिडकीतून म्हणाली, "ए बाबा, माणूस मागे विसरलास वाटतं."

"मस्करी करत होतो," मी म्हणालो.

"हो का? मग हिलाही हसू दे की."

बसच्या पाठीवर लिहिलं होतं: डॉट, एकटी आणि मजेत, चॅनल १८. तीस वर्षं तीन डब्यांचे मालट्रक हाकलेली बाई म्हणे. बाईमाणसाला शोभणारं एकही लक्षण नाही. पिल्लू तिने ठेवून घेतलं. बरंच झालं, नाहीतर आमच्या गाडीत घाण.

२० एप्रिल

महासागराच्या कड्यावर मुक्काम. जमीन इथे सुरीने कापल्यासारखी संपते आणि खाली सत्तर-ऐंशी मीटरवर पाणी आपटत असतं. कडेला जाऊ नका, दगड पोकळ आहे, अशी पाटी लावलीय. मला! मी आयुष्यभर कडेच पाडलेत.

सहा-सात गाड्या आहेत. डॉटची हिरवी बसही, नको तिथे बरोबर पोचली. शेजारी कॉल आणि त्याची बायको व्हिव्ह, दोघं शाळामास्तर होते. पाच वाजता सगळे खुर्च्या आणून गोल करून बसतात, आपापला पेला आपापल्या हातात. ग्लेनिस तिची लाकडी खुर्ची उचलून नेते. सगळे त्या खुर्चीला हसले, पण चांगलं हसले, आणि तीही हसली. तिचे पुढचे दात मी बऱ्याच दिवसांनी बघितले.

डॉटने पिल्लू एका लोकरी टोपीत ठेवलंय आणि टोपी बसच्या दारात टांगलीय. ग्लेनिस दर चार तासांनी त्याला दूध पाजायला जाते. आज मोजलं, जायला दोन मिनिटं, यायला चाळीस.

"एवढा वेळ काय बोलता?" मी विचारलं.

"काही नाही. ती मला रेडिओ शिकवते."

"मी शिकवलाय ना तुला रेडिओ?"

"हो," ती म्हणाली. "तू शिकवलंयस."

२३ एप्रिल

सकाळपासून वारा. गाडी डुलतेय. समोरचा रेडिओ मी बंदच ठेवला, उगाच कॉलची पक्ष्यांवरची बडबड कोण ऐकणार.

दुपारी बाकाखालचा कप्पा उघडला तर तिथे रोशेलचं पत्र. हाताने लिहिलेलं, डॉटच्या नावावर कुठल्यातरी पेट्रोल पंपावर आलेलं. 'आई, खोली तयार आहे, फक्त कधी ते सांग.' म्हणजे माझ्या पाठीमागे, माझ्याच गाडीत, माझ्याच बाकाखाली हे कारस्थान! मी विचारलं, "हे काय?" ती बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली, पुसून ठेवली, आणि म्हणाली, "थांब, आधी हात धुते." बाकावरच्या उशांपाशी जाऊन काहीतरी आवरलं. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. अगदी सरळ.

इथे खोटं लिहायचं नाही, म्हणून लिहितो. मी तिला मारलं. आधी उघड्या हाताने, मग उघड्या हाताने नाही. केस धरून डोकं कपाटावर आपटलं, दोनदा. ती पडली तेव्हा लाथही बसली. बरगडीत. ती एरवी अशा वेळी तोंड दाबून घेते, ही तिची चांगली सवय. आज मात्र मोठमोठ्याने बोलत होती, जणू मी बहिरा आहे. "रॉस, मला मारू नकोस. रॉस, केस सोड. थांब. रॉस, थांब. लाथ मारू नकोस." प्रत्येक वेळी माझं नाव घेऊन. मी ओरडलो, "कुणाला ऐकवतेस? वारा ऐकतोय तुझा वारा!" आणि आणखीही बरंच बोललो. तिला कड्यावरून खाली टाकलं तर माशांनाही पचणार नाही, वगैरे. रागात माणूस बोलतो.

मग राग उतरला. मी तिला उठवलं, बाकावर बसवलं, चहा करून दिला, दोन चमचे साखर घालून. ती साखर घेत नाही, पण धक्क्याला बरी. थोडा बशीत सांडला. मला रडू आलं. मी म्हणालो, "तू मला असं करायला लावतेस, ग्लेन." ती म्हणाली, "चहा ठेव तिथे."

उशी सरकवली तर खाली रेडिओ. बोलायच्या बटणावर तिने रबरबँड गुंडाळलेला, घट्ट. बायका कशालाही रबरबँड लावतात, पाकिटांना, पेन्सिलींना. रात्रभर चार्ज केला होता तरी पार संपला होता. जुना माल, दुसरं काय. काढून पुन्हा चार्जिंगला लावला.

थोड्या वेळाने दार वाजलं. डॉट. तिच्यामागे कॉल, त्याच्यामागे आणखी दोघं. "ग्लेनिस, पिल्लाच्या दुधाची वेळ झाली," डॉट म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही. मी म्हणालो, "तिचं डोकं दुखतंय." "दूध पाजायला डोकं लागत नाही," डॉट म्हणाली आणि दारातून हललीच नाही. चारजण, त्यातल्या एकाच्या हातात तंबूचा खुंटा ठोकायचा हातोडा. ग्लेनिस कपाट धरत धरत उतरली. मी जाऊ दिलं. एका कांगारूच्या पिल्लासाठी एवढी वरात!

ती डॉटकडेच झोपली. पिल्लाला बरं नाही म्हणे.

२४ एप्रिल

या लोकांना झालंय काय? मी चालत गेलो की बोलणं थांबतं. कॉलला म्हणालो, "वारा पडला आज." तो चष्मा पुसत राहिला. पाच वाजता सगळ्यांनी खुर्च्या मांडल्या आणि माझी खुर्ची घेऊन मी गेलो तर एकेकजण उठून आपापल्या गाडीत गेला. व्हिव्ह तेवढी उरली. ती म्हणाली, "तुझी शरम वाटायला हवी तुला," आणि तिचा पेला माझ्या बुटांवर ओतला. सगळ्यांचे चेहरे असे की मी त्यांचं काही चोरलंय. माझ्या गाडीवर सगळ्यांत मोठी सोलर पॅनल आहेत, हेच खरं दुखणं. लोकांना दुसऱ्याचं बघवत नाही.

ग्लेनिस दिवसभर डॉटच्या बसमध्ये. मी एकदा हाक मारायला गेलो. डॉटने बसच्या पायरीवर बसून विचारलं, "पुढचे दात स्वतःचे आहेत का रे तुझे?"

"हो. का?"

"सहज."

२५ एप्रिल

युद्धात गेलेल्यांचा दिवस. पहाटे सगळे कड्यावर जमले, तोंडं समुद्राकडे. कॉलने बिगुलाची धून वाजवली, फोनवरची. मीही गेलो, वडिलांची पदकं लावून. मी ज्याच्या शेजारी उभा राहायचो तो दोन पावलं सरकायचा. शेवटी माझ्या दोन्ही बाजूंना एवढी जागा झाली की त्यात ट्रक मावला असता.

वडीलही आईला मारायचे. पण ते लढाईवरून आले होते, त्यांच्याकडे कारण होतं. ही ओळ मी का लिहिली माहीत नाही.

संध्याकाळी ग्लेनिस आपणहून आली. अर्धा चेहरा जांभळा, डावा डोळा फटीएवढा. तिने कपाटातून नारिंगी जाकीट, टोपी आणि रेडिओ काढून घेतला. म्हणाली, "उद्या वारा फिरणार आहे, गाडी वळवायला लागेल. मी मागे उभी राहीन."

मला केवढं हायसं वाटलं. शेवटी नवरा-बायको ते नवरा-बायको. मी म्हणालो, "खुर्ची इथेच आहे हो तुझी." ती म्हणाली, "ती लागेलच मला," आणि उचलून घेऊन गेली. बरगडीवर हात दाबून चालत होती, पण खुर्ची मला धरू दिली नाही.

२६ एप्रिल

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी दहा वाजता गाडी सुरू केली. शेपूट उत्तरेला घ्यायचं होतं, समुद्राच्या उलट बाजूला, तिथे मोकळं मैदान. रेडिओ अठरावर. ग्लेनिसचा आवाज आला, स्पष्ट, "ये. सरळ ये." मी निघालो. उजव्या आरशात नारिंगी जाकीट दिसत होतं, वर टोपी. सगळं ठीक.

"ये. आणखी ये."

मग नीट बघितलं तर जाकीट बुटकं वाटलं. ती बसली होती! खुर्ची मागे टाकून, त्या आपल्या सिंहासनावर बसून बाईसाहेब मला हुकूम सोडतायत! आणि तळावरचे सगळे आपापल्या दारात उभे, बघतायत. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी रेडिओवर म्हणालो, "बूड टेकून खुणा करतेस? उठ."

"थांब, रॉस," ती म्हणाली.

मी थांबलो नाही. नियम उभ्या माणसासाठी आहे.

"उठ म्हणतो ना!"

"थांब."

मी ठरवलं, हिला जरा दचकवायचं. त्या दिवशी रस्त्यावर कशी उडी मारली होती तशी मारेल. मी स्टिअरिंग फिरवून शेपूट बरोबर तिच्याकडे वळवलं आणि पाय दाबला. गाडी उसळली. जाकीट हललं नाही. मी आणखी दाबला. आता उठेल, आता उठेल. कुणीही उठतं.

"थांब, रॉस," रेडिओ म्हणाला. तिसऱ्यांदा. आवाज अगदी शांत. मग जाकीट आरशातून गेलं.

दिसेनासं झालं की ब्रेक. हजार वेळा शिकवलंय मी. मी आणखी थोडंसं घेतलं.

मग कडाड् असा आवाज आला आणि मागचं चाक कशावर तरी चढून पलीकडे उतरलं.

तेव्हा ब्रेक मारला. इंजिन बंद केलं. खरं लिहायचं तर लगेच उतरलो नाही. हात स्टिअरिंगवर होते. पहिला विचार हा आला की आता हेही ती माझ्यावर ढकलणार. दुसरा विचार आला की ती आता काहीच ढकलू शकणार नाही. दार उघडून मी अक्षरशः खाली पडलो. रांगत मागे गेलो. चाकाखालून नारिंगी कापड दिसत होतं, टोपी चपटी झालेली. मी "ग्लेन, ग्लेन" करत हाताने माती उकरायला लागलो. नखं फुटली. हाताला एक लांब तुटका तुकडा लागला, तिचा दंड समजून मी तो धरून ओढला.

खुर्चीचा पाय होता. जाकीट पाठीला घातलेलं, टोपी वर बांधलेली. रबरबँडने.

मी मान वर केली. ग्लेनिस डॉटच्या बसपाशी उभी होती, वीस पावलांवर. हातात रेडिओ. एका बाजूला डॉट, दुसऱ्या बाजूला कॉल, त्याच्या हातात फोन, माझ्याकडे रोखलेला. ती एवढ्या जवळ होती की नुसती बोलली असती तरी ऐकू आलं असतं. तरी तिने रेडिओच तोंडाशी धरला. माझ्या गाडीतून, कॉलच्या गाडीतून, तळावरच्या प्रत्येक गाडीतून तिचा आवाज आला.

"मी तीनदा म्हणाले, रॉस. सगळ्यांनी ऐकलं. त्या दिवशीही सगळ्यांनी ऐकलं होतं."

मी गुडघ्यांवरच होतो. मी ओरडलो, "मी घाबरलो ना, ग्लेन! जीव गेला असता माझा!"

ती रेडिओ डॉटच्या हातात देऊन बसमध्ये चढली. दारातली लोकरी टोपी तिने काढून आत घेतली.

२७ एप्रिल

हिरवी बस काल दुपारीच गेली. बाकी गाड्याही एकेक करून गेल्या. कुणी नमस्कार केला नाही.

आज पोलीस आले, दोनशे किलोमीटरवरून. रोशेलच्या वयाची एक बाई, सोबत एक गप्प माणूस. त्याने खुर्चीचे तुकडे, जाकीट, टोपी, सगळं पिशव्यांत भरलं आणि चाकांच्या खुणांची मापं घेतली. गाडीची किल्लीही घेतली. मी म्हणालो, "एका मोडक्या खुर्चीसाठी एवढा खटाटोप? खुर्ची माझ्याच घरातली आहे. आणि फसवला गेलोय तो मी. बायकोने चारचौघांत नवऱ्याचं माकड केलं, याला कुठलं कलम आहे का?"

ती म्हणाली, "काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा."

मी सांगितलं. वहीत आहे तसंच, जागच्या जागी. मी नोंदी ठेवणारा माणूस आहे, मला लपवायचं काही नाही. ती लिहून घेत होती, मध्ये एकदाच थांबली.

"गाडी मागे घेताना त्या खुर्चीत कोण बसलंय असं तुम्हाला वाटत होतं?"

"ग्लेनिस," मी म्हणालो. "दुसरं कोण असणार?"

तो गप्प माणूस माप घेता घेता थांबला. बाईने ते लिहिलं, मग कागद माझ्याकडे फिरवून सगळं सावकाश वाचून दाखवलं आणि विचारलं, काही बदलायचंय का.

मी दोनदा वाचलं. शब्द न् शब्द बरोबर होता. खाली सही केली.